किडनी हवी आहे? दलालाला बाजूला ठेवून कायद्याच्या वाटेने कसं जायचं

घरात कुणाचं डायलिसिस सुरू झालं की थोड्याच दिवसांत एक माणूस भेटतो. कधी डायलिसिस सेंटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर, कधी फेसबुकवरच्या एखाद्या ग्रुपमध्ये. बोलायला गोड असतो, आजाराची माहितीही त्याला बरी असते. मग तो म्हणतो, "डोनर तयार आहे, कागदपत्रांचं आम्ही बघून घेतो." इथेच सावध व्हायचं. या धंद्यात आधी कागदावर नातं तयार होतं, ऑपरेशन त्यानंतर.

2022 मध्ये पुण्यात उघड झालेलं प्रकरण आठवत असेल. कोल्हापूरच्या एका महिलेला 15 लाखांचं आमिष दाखवून कागदोपत्री रुग्णाची बायको करण्यात आलं. किडनी काढली, पैसे काही मिळाले नाहीत, तेव्हा ती पोलिसांकडे गेली. गुन्हा नोंदला गेला तो तिच्यावरही. 2016 मध्ये पवईतही खोट्या बायकोचंच प्रकरण सापडलं होतं.

पहिलं काम : घरातल्यांच्या तपासण्या

1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक ठरवून दिले आहेत : नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. मामा, काका, चुलतभाऊ, वहिनी यात येत नाहीत. त्यांना देता येत नाही असं नाही, पण त्यासाठी प्राधिकार समितीची, म्हणजे अशा दानामागचं कारण तपासणाऱ्या समितीची, परवानगी लागते. रक्तगट जुळत नाही म्हणून लगेच हात टेकू नका. तशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते. त्याला स्वॅप म्हणतात आणि कायद्याने ते चालतं. आपल्याकडे याची चौकशीच कमी होते, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

दुसरं : प्रतीक्षा यादीत नाव

घरचा दाता मिळेल असं वाटत असलं तरी नोंदणी लांबवू नका. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, बोलण्यात त्यांना झेडटीसीसी म्हणतात. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. रहिवासी दाखल्याची अट काढून टाकण्याचं आणि नोंदणीसाठी फी न घेण्याचं केंद्राने 2023 मध्ये राज्यांना कळवलं आहे. मेंदूमृत दात्याची किडनी रक्तगट आणि गुणांप्रमाणे दिली जाते. डायलिसिस किती काळ चालू आहे, याचेही गुण धरतात. वाट मोठी असते, वर्षं जातात, हे खरंच आहे. दलाल जगतो तो याच काळावर. "इतके द्या, नंबर वर आणतो" म्हणणारा शुद्ध थापा मारतोय.

तिसरं : समितीपुढे जाताना

नात्याबाहेरचा दाता असेल तर आपुलकी किंवा तसंच खास कारण समितीला पटवावं लागतं. मुलाखतीचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळायची, असा नियम आहे. दलाल उत्तरं पाठ करून घेतो : लग्न कुठे झालं, सासऱ्यांचं नाव काय, घरात कोण कोण असतं. तुमच्या घरात अशी उजळणी चालू झाली, तर तुम्ही सौद्यात शिरलात असं समजा.

दात्याला एक रुपयाही द्यायचा नाही, असं मात्र नाही. अवयवदानामुळे त्याला झालेला प्रवासाचा खर्च किंवा बुडालेली कमाई कायद्याने 'मोबदला' धरली जात नाही. पावत्या ठेवा. अवयवाची किंमत म्हणून दिलेल्या पैशाला शिक्षा आहे : 5 ते 10 वर्षं कैद, 20 लाख ते 1 कोटी दंड. देणारा, घेणारा, जुळवून देणारा सगळेच त्यात येतात. नेत्रपटल, त्वचा, हाड अशा ऊतींच्या खरेदी-विक्रीसाठी वेगळं कलम आहे. त्यात शिक्षा कमी असली तरी तुरुंग आहेच.

चौथं : परदेशाचं आमिष

"तिकडे सगळं लीगल आहे" हे आता फार ऐकू येतं. पैसे देऊन किडनी घेणं सरकारी चौकटीत बसवलेला देश एकच, इराण. तिथेही परदेशी रुग्णाला इराणी दात्याची किडनी विकत घेता येत नाही. 2024 मध्ये कोचीत पकडलेली टोळी माणसांना नेत होती ती इराणलाच. त्याच वर्षी दिल्लीत बांगलादेशी दाते आणि बांगलादेशी रुग्णांचं रॅकेट सापडलं, त्यात उच्चायुक्तालयाच्या नावाची कागदपत्रं बनावट होती. 2008 मध्ये कोसोवोतल्या प्रिश्टिना इथलं एक क्लिनिक याच कारणासाठी बंद झालं. नेपाळच्या काव्रेपालांचोक जिल्ह्यातल्या होक्सेला तर 'किडनीचं गाव' हीच ओळख चिकटली, तिथल्या लोकांना भारतात आणून किडन्या काढल्या जात.

उलटा प्रवासही आपल्या मुंबईने पाहिला आहे. कायदा येण्यापूर्वी आखाती देशांतले रुग्ण विकतची किडनी घ्यायला इथे येत. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानच्या अशा 130 रुग्णांचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, काहींना एचआयव्हीची लागण झाली होती. विकणारा आपला आजार लपवतो, घाईत तपासण्या नीट होत नाहीत आणि रुग्ण आपल्या देशात परतल्यावर तिथल्या डॉक्टरच्या हातात धड फाईलही नसते.

म्हणून कुणी पॅकेज पुढे केलं तर रुग्णालयाचं नाव, दाता नेमका कोण आणि परवानगी देणारी समिती कोणती, एवढं लेखी मागा. बहुतेक वेळा फोन तिथेच बंद होतो.

कर्जापायी विकायचा विचार असेल तर

कबूल केलेली पूर्ण रक्कम क्वचितच हातात पडते. ऑपरेशननंतरच्या तपासण्या स्वतःच्या खिशातून, आणि तक्रार करावी तर गुन्हा आपल्यावरही, म्हणून माणूस गप्प बसतो. दलालाचा सगळा भरवसा त्या गप्प बसण्यावर असतो. फसवून किंवा धाकाने अवयव काढला असेल तर तो मानवी तस्करीचा गुन्हा होतो. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मागा आणि मग त्याच्यासोबत पोलिसांकडे जा.

तक्रार कशी करायची

व्हॉट्सॲपवरचं बोलणं, खाते क्रमांक, यूपीआयची पावती पुसू नका. दलालाला "पोलिसांत जातो" असं सांगून सावध करू नका. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा, म्हणजे नोट्टोचा, टोल-फ्री क्रमांक 1800114770 आहे. पोलीस ठाण्यात अर्ज द्याच, पण या कायद्याखाली न्यायालय दखल घेतं ते मुख्यतः समुचित प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, तक्रारीवर. त्यामुळे अर्जाची एक प्रत त्यांच्याकडे पाठवा आणि पोच घ्या. ते हलले नाहीत, तर निदान 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः न्यायालयात तक्रार करू शकता. त्या नोटिशीवर तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्यायला विसरू नका.