तुळशीच्या लग्नाआधी पार्लर-सलूनची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं लग्नसराई सुरू होते आणि पार्लरातल्या मुलींना दोन घास खायलाही सवड मिळत नाही. फाउंडेशन, वॅक्स, पिना, गजरे यांची यादी आपण सगळेच करतो. ही यादी काम करणाऱ्यांच्या हातांसाठी, फुप्फुसांसाठी आणि कमरेसाठी आहे. गिऱ्हाईक दोन तासांत घरी जातं, मुलगी मात्र दिवसभर त्याच हवेत उभी असते. म्हणून सुरुवात तिच्यापासून, आणि ज्याला महिने लागतात ते आधी.

पहिली लस. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरतो. वस्तऱ्याचा ओरखडा, पेडिक्युअरच्या कटरनं निघालेलं कातडं, ब्लॅकहेड काढायची सुई, एवढं त्याला पुरतं. लशीचे डोस तीन : पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. मार्गशीर्षात तिसरा डोस व्हायचा असेल तर पहिला ज्येष्ठातच घ्यायला हवा. तो मुहूर्त हुकला असेल तर आज पहिला घ्या, काहीच न घेण्यापेक्षा ते बरं. खर्च मालकिणीनं करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुषांच्या सलूनमध्ये दाढी करणाऱ्या पोरांनाही हे तितकंच लागू.

मग हवा. आपल्याकडं लेडीज पार्लर म्हणजे काचेला कागद, दाराला पडदा आणि खिडकी कायमची बंद. आडोसा हवाच, पण त्यासाठी खिडकी खिळे मारून बंद करायची गरज नाही. दुधी काच बसवा, वरची झडप उघडी ठेवा आणि एक्झॉस्ट फॅन लावा. तो अशा जागी हवा की वाफ मुलीच्या तोंडावरून न जाता तिच्यापासून दूर ओढली जाईल. सगळ्यात जास्त काळजी केराटिनची, म्हणजे केस सरळ करायच्या ट्रीटमेंटची. बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असं छापलेलं असतं, तरी घटकांची बारीक ओळ वाचाच. मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन दिसलं, की तापलेला स्ट्रेटनर फिरल्यावर फॉर्माल्डिहाइडचाच वायू सुटणार हे धरून चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक ॲसिडवाली बाटली आणली तरी निर्धास्त होऊ नका, तशा स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तेव्हा ‘होईल सवय’ असं कुणी म्हणू नये. कापडी मास्क वायू अडवत नाही. बंद खोलीत केराटिनचं गिऱ्हाईक घ्यायचंच नाही, हजारो रुपये जाऊ द्या.

हवेचाच दुसरा धोका गॅस गिझरचा. डिसेंबरात बेळगावची थंडी पडली की केस धुवायच्या कोपऱ्यातली फटसुद्धा आपण बुजवतो. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस गरगरतं आणि पडतं. गिझर उघड्या गॅलरीत बसवून घ्या, नाहीतर इलेक्ट्रिकचा घ्या.

हात. हेअर डायमधला पीपीडी हा घटक आणि सततचं पाणी-शाम्पू यांनी बोटांना भेगा पडतात, खाज सुटते. एकदा का त्या घटकाची ॲलर्जी जडली, की ती सहसा जन्मभर राहते आणि मुलीला धंदाच सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे मापाचे आणा, लॅटेक्सचे नकोत. दर डायला नवीन जोडी, आणि रंग धुऊन काढतानाही मोजे हातात असूद्यात, कारण चूक नेमकी तिथंच होते. गिऱ्हाइकाची पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग लावून ॲलर्जी येते का ते बघणं, ४८ तास आधी, कानामागं. नवरीला हे हळदीच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, बुकिंग घेतानाच तारीख द्या आणि तिच्या घरात मराठी बोलतात की कन्नड ते बघून सूचना त्या भाषेतच लिहून द्या. तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी ठेवूच नका. खरी मेंदी तांबूस रंगते, काळ्या मेंदीत बहुधा तोच पीपीडी असतो.

हत्यारं. ब्लेड दर माणसाला नवीन, आणि वापरलेलं जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, केराच्या पिशवीत नाही. कात्री, कटर आधी साबणानं घासायचे, कारण मळ असेल तर औषध लागू होत नाही. मग एक भाग ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, ५ टक्क्यांचं) आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून, धुऊन, पुसून कोरडे. हे द्रावण रोज सकाळी नवं. त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. निळ्या दिव्याच्या कपाटावर विसंबू नका, ते स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला आहे. ब्लेड लागलंच तर जखम पिळू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. वॅक्सनं भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही.

वायरमनला बोलवाल तेव्हा ३० मिलिॲम्पियरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. ओल्या हातानं ड्रायर धरायची सवय पावसाळ्यातच मोडलेली बरी. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन पेट घेतं, ते हीटरपासून लांब. बेसिनवर गिऱ्हाइकाच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी हवीच. मान फार मागं ताणल्यानं पक्षाघाताचे झटके आल्याचं १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. उभं राहणाऱ्यांसाठी जाड मॅट आणि एक उंच स्टूल. खुर्ची वरखाली करून घ्या म्हणजे कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. कात्रीला धार लावून आणा, बोथट कात्रीनं अंगठा दुखावतो. आणि जेवायला अर्धा तास, बुकिंगच्या वहीत लिहूनच टाकलेला.

राहिला बाहेरगावचा मेकअप. पहाटेच्या मुहूर्तासाठी कडोलीला किंवा खानापूरच्या पलीकडं मुलींना रात्रीच निघावं लागतं. बुकिंग घेतानाच नवरीच्या घरच्यांकडून न्यायला-आणायला गाडी, वेगळी खोली आणि दाराला कडी हे कबूल करून घ्या. एकटीला पाठवू नका, दोघी जाऊद्यात. कुणी अंगचटीला आलं तर काम अर्धवट टाकून निघायची मोकळीक मालकीण अक्कानं आधीच तोंडानं सांगितलेली असावी, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि तातडीच्या मदतीचा ११२ नंबर आदल्या संध्याकाळीच दोघींच्या मोबाइलमध्ये घालून द्या.