गाडीच्या टायरमधला हवेचा दाब: थंड आणि गरम टायरचा हिशोब

टायरचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे आतली हवा तापली की दाब वाढतो, तोही केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात. हिशोबाआधी दोन बदल करायचे: सेल्सिअसमध्ये 273 मिळवा (म्हणजे केल्व्हिन मिळतं) आणि गेजच्या, म्हणजे दाब मोजायच्या उपकरणाच्या, आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब, समुद्रसपाटीला 14.7 पीएसआय (दाबाचं एकक), मिळवा, कारण गेज फक्त त्याहून जास्त असलेला दाब दाखवतो. नेमकं हे दुसरं बहुतेकांकडून राहतं.

सकाळी 20 अंशांना गेजवर 32 आहे, म्हणजे खरा दाब 46.7. हायवेवर आतली हवा 50 अंशांवर गेली तर 46.7 × 323 ÷ 293 = 51.5. त्यातून 14.7 वजा केले की गेजवर सुमारे 37 दिसेल. हे अगदी नॉर्मल आहे, हवा काढू नका! इथे काढून 32 केलीत, तर दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये जेमतेम 28 उरेल. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकून तापतात आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो.

म्हणून गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, ऊन लागण्याआधी दाब तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवरचा घ्या. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि घट्ट दाबा, फुसफुस आवाज येत राहिला तर रीडिंग चुकतं. शेवटी व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडे आले तर आतली पिन बदलून घ्या. स्टेपनीही तपासा.