पिल्लू मोठेपणी किती वजनाचं होईल?

पंजे मोठे म्हणजे कुत्रा मोठा, या अंदाजावर घर किंवा पिंजरा ठरवू नका. भरवशाचा आधार म्हणजे वजन आणि वय.

मध्यम चणीचं पिल्लू साधारण 4 महिन्यांत प्रौढ वजनाच्या निम्म्यावर येतं. म्हणजे गावठी पिल्लू 16 आठवड्यांचं असताना 8 किलो भरलं, तर मोठेपणी 16 किलोच्या आसपास. छोट्या जाती हा टप्पा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गाठतात, लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या साडेचार-पाच महिन्यांत, ग्रेट डेनसारख्या त्याहूनही उशिरा. ‘वजन भागिले आठवडे गुणिले 52’ हे सूत्र अनेकजण वापरतात, पण ते वर्षभर वाढ एकसारखी होते असं धरतं. प्रत्यक्षात ती मंदावत जाते, त्यामुळे वरच्याच उदाहरणात उत्तर 26 किलो येतं!

वजन दर आठवड्याला, सकाळी, खाण्याआधी घ्या. पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय दातांवरून कळतं: पुढचे दुधाचे दात साधारण 3 ते 4 महिन्यांत पडू लागतात, सुळे 5 ते 6 महिन्यांत बदलतात. वयात महिन्याची चूक झाली की सगळा हिशेब कोसळतो. जंतांनी फुगलेलं पोट आणि उपासमारीने खुंटलेली वाढही फसवते. आधी जंतनाशक द्या, दोन-तीन आठवडे नीट खाऊ घाला, मगच आकडा धरा. आई-वडील दिसले तर उत्तमच.

आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला ‘उंची वाढावी’ म्हणून कॅल्शियमचं औषध मुळीच देऊ नका. हाडं वाकडी होतात.