त्रिनिदादला नोकरीसाठी जाताय? या चुका टाळा

त्रिनिदाद आणि टोबॅगोमधील नोकरीचा प्रस्ताव हाती आला की बहुतेक घरांत पहिली चर्चा चक्रीवादळांची होते. वास्तविक त्रिनिदाद हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १० ते ११ अंशांवर, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत असल्यामुळे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेकडे राहते. टोबॅगोची मात्र १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळाने दाणादाण उडवली होती. तेथे गेलेल्या माणसाला रोज छळतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: परकीय चलन, कागदपत्रे आणि पाणी. यांतील बहुतेक अडचणी निघण्यापूर्वीच दूर करता येतात, नंतर मात्र त्या फार महागात पडतात.

पगाराचा आकडा कोणत्या चलनात आहे, हे न विचारणे ही त्यांतली सर्वांत मोठी चूक आहे. देशाचे चलन त्रिनिदाद आणि टोबॅगो डॉलर, म्हणजेच टीटी डॉलर असून एका अमेरिकी डॉलरला पावणेसात टीटी डॉलरच्या आसपासचा अधिकृत दर अनेक वर्षे जवळजवळ स्थिर आहे. कागदावर हे आश्वासक वाटते. परंतु त्या दराने बँकेत अमेरिकी डॉलर मिळतीलच, याची खात्री कोणी देत नाही. २०१४ नंतर तेल आणि नैसर्गिक वायूचे भाव कोसळले, देशात येणारे डॉलर आटले आणि तेव्हापासून टंचाई हटलेली नाही. बँका क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा घालतात आणि ती वेळोवेळी खालीही आणतात. पुण्यातील घराचा हप्ता, आईवडिलांचा खर्च, मुलांची विमापत्रे हे सारे ज्याच्या पगारावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी भरघोस पगार खात्यात पडून राहणे आणि तो घरी पाठवता न येणे, ही निव्वळ गैरसोय नव्हे. म्हणून पगाराचा निदान एक भाग अमेरिकी डॉलरमध्ये किंवा देशाबाहेरील खात्यात मिळावा, ही अट करारातच लिहून घ्यावी. सही झाल्यानंतर ती कोणी मनावर घेत नाही. घरभाड्याचे गणितही तपासावे, कारण परदेशी माणसांसाठीच्या अनेक घरांचे भाडे अमेरिकी डॉलरमध्ये सांगितले जाते आणि पगार टीटी डॉलरमध्ये असेल तर दोन्हीकडून कात्री लागते. करार होऊन गेला असेल आणि पैसे अडकले असतील, तर नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि कर भरल्याचे पुरावे घेऊन बँकेकडे थोड्या थोड्या रकमेसाठी नियमित अर्ज करीत राहावे. ओळखीतून डॉलर मिळवून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. तो व्यवहार बेकायदा तर असतोच, शिवाय फसवले गेल्यास तक्रार कोठे करणार, हाही प्रश्नच असतो.

भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे हीदेखील नेहमी आढळणारी चूक आहे. आपण अनिवासी ठरलो की ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात बदलून घेणे बंधनकारक असते. भारत आणि त्रिनिदाद यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९९९ मध्ये झालेला आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी तेथील करखात्याचा क्रमांक, ज्याला स्थानिक लोक बीआयआर क्रमांक म्हणतात, पहिल्याच आठवड्यात काढावा. पगारावरील कर २५ टक्के असून वार्षिक ९०,००० टीटी डॉलरपर्यंतचे उत्पन्न वैयक्तिक सवलतीमुळे करमुक्त राहते. हातात किती पडेल, याचा हिशेब त्यावरून मांडावा.

‘आधी पर्यटक म्हणून जाऊ, मग परवान्याचे पाहू’ असे सांगणारा मालक भेटला, तर सावध व्हावे. वर्क परमिटशिवाय बारा महिन्यांत एकदाच, तेही तीस दिवसांपर्यंत काम करता येते. त्यापुढच्या परवान्यासाठी मालकाने अर्ज करायचा असतो आणि त्या पदासाठी स्थानिक उमेदवार मिळाला नाही हे जाहिरातींच्या आधारे दाखवायचे असते, त्यामुळे उशीर हा गृहीतच धरावा आणि परवाना हाती येईपर्यंत येथील नोकरीचा राजीनामा देऊ नये. जोडीदाराला तुमच्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. त्याला किंवा तिला स्वतंत्र परवाना लागतो. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी स्टुडंट परमिट घ्यावे लागते.

मराठी घरांत नेमकी अडचण येते ती नावांची. पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, विवाहाच्या जुन्या दाखल्यावर लग्नात ठेवलेले तिसरेच, आणि मधले नाव कधी वडिलांचे तर कधी पतीचे. भारतातील कारकुनाला हे समजते, पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीतील अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बाई वाटतात. राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र निघण्यापूर्वीच करून घ्यावे, मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावे आणि पदव्या, जन्मदाखले व विवाहदाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जाण्यासाठीचे सरकारी प्रमाणन घ्यावे. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्रही येथूनच काढून न्यावे. भारतातून थेट विमान नाही, हेही ध्यानात असू द्यावे: अमेरिकेमार्गे जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा तेथील व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसले म्हणून ते घेऊन मोकळे झालेल्यांचे पैसे विमानतळावरच बुडतात.

घर निवडताना नवागत सहसा पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेकडील वेस्टमूरिंग्ज किंवा उत्तरेकडील मारावाल येथे जातात, कारण इतर परदेशी तेथे राहतात. नोकरी राजधानीत असेल तर ते ठीक आहे. परंतु अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने पॉइंट लिसास येथे, सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला आहेत आणि सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत हे अंतर नकाशावर दिसते त्याहून फार मोठे होते. तेथे काम करणाऱ्याने कूवा किंवा चगुआनास येथे घर पाहावे. साधारण जानेवारी ते मे या कोरड्या ऋतूत घर पाहिले की सगळेच चांगले दिसते. कारोनी नदीच्या खोऱ्यातील सखल वस्त्यांत पावसाळ्यात पाणी शिरते, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तर ग्रीनव्हेल या वसाहतीत लोक घरांमध्ये अडकून पडले होते. त्यामुळे दलालाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावे. उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो: नळाचे पाणी ठरावीक दिवशीच येते. टाक्या किती आहेत, पंप चालतो का, हे भाडे ठरण्याआधी पाहावे. ज्याने मराठवाड्यात उन्हाळा काढला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

मिक्सर घेऊन जाऊ नये. तेथे वीज ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असून प्लग अमेरिकी पद्धतीचे आहेत. भारतातील मिक्सर त्याच्या दुप्पट व्होल्टेजसाठी बनवलेला असतो, तो तेथे थेट चालत नाही. प्रेशर कुकर मात्र जरूर न्यावा. लष्करी छापाचे कपडे, अगदी लहान मुलांचेसुद्धा, बॅगेत भरू नयेत. ते बाळगणे तेथे गुन्हा आहे.

सुरक्षिततेबाबत दोन टोकाच्या चुका होतात: काही जण घाबरून घराबाहेर पडत नाहीत, काही जण मुंबईच्या सवयीने रात्री-अपरात्री पायी फिरतात. गुन्हेगारी टोळ्यांमुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली, एवढी परिस्थिती गंभीर आहे. परंतु ती भागागणिक फार बदलते आणि कोणता रस्ता केव्हा टाळायचा, हे कार्यालयातील सहकारी नेमके सांगतात. परवानाधारक टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होते. ‘पी’ अक्षराच्या खासगी गाड्याही सर्रास प्रवासी घेतात, स्वस्तही पडतात, पण त्या बेकायदा आहेत आणि नवख्याने त्यांत बसू नये. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ८११.

लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून अधिक असल्यामुळे आपण आपल्याच माणसांत चाललो आहोत, असा समज करून घेणे चुकीचे ठरते. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून आलेल्या आणि त्यानंतर १९१७ पर्यंत येत राहिलेल्या मजुरांपैकी बहुतेक अवध आणि बिहारकडचे होते. त्यांचे वंशज दिवाळी आणि फगवा (होळी) साजरे करतात, पण ते त्रिनिदादी आहेत, आणि ‘तुम्ही मूळचे कुठले, जात कोणती’ असल्या चौकशा त्यांना खटकतात. दुकानात, दवाखान्यात किंवा टॅक्सीत शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे. न म्हणता थेट कामाचे विचारणारा माणूस तेथे उर्मट समजला जातो, आणि मग रांगेतील काम का रेंगाळते हे त्याला कळत नाही. कार्निव्हल या मोठ्या वार्षिक उत्सवाच्या सोमवार-मंगळवारी अधिकृत सुट्टी नसली तरी राजधानीतील व्यवहार थांबलेले असतात, तेव्हा त्या आठवड्यात सामानाचा कंटेनर सोडवण्याचा बेत आखू नये.

पहिल्या रजेवर मुंबईत उतरताना होणारी चूक बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. भारताच्या यादीत त्रिनिदाद हे पीतज्वराचा धोका असलेले ठिकाण आहे; तेथून येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होऊन आयुष्यभर चालते. लस निघण्यापूर्वीच घ्यावी आणि हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे कार्ड, पासपोर्टसोबतच ठेवावे, सामानाच्या बॅगेत नव्हे.