इंग्रजीचा आधार न घेता पहिली शिकवताना

जानेवारीत मधल्या सुट्टीच्या पंधरा मिनिटं आधी आमचा भाषेचा सगळ्यात चांगला तास सुरू होतो, तोही वर्गात नाही, बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. वीस मुलं जमिनीवर फतकल मारून बसलेली असतात. मी एकेक वस्तू वर धरते आणि फ्रेंचमध्ये म्हणते: दाबोर, पांतालों द नेझ. आंस्वित, बॉत. आप्रे, मांतो, त्युक. आंफां, मितेन. आधी बर्फातली पँट, मग बूट, नंतर जाकीट आणि टोपी, सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी चढवले तर जाकिटाची चेन लावता येत नाही, आणि बूट आधी घातले तर ते काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हिवाळाभर रोज दोन-तीनदा हे चालतं. फेब्रुवारीत मुलं 'बर्फाचा माणूस कसा करायचा' हे लिहायला बसतात, तेव्हा 'आधी, मग, नंतर, शेवटी' हे चार शब्द मला फळ्यावर लिहून द्यावे लागत नाहीत. ते त्यांच्या हातापायांत बसलेले असतात.

मी पुण्यात फ्रेंच शिकले आणि आता कॅनडात, ऑन्टारियोत, फ्रेंच इमर्शनच्या पहिलीला शिकवते. आपल्याकडची बरीच मंडळी इथं येताना डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी-२ पातळीपर्यंतची फ्रेंच घेऊन येतात, आणि शाळेत काम मिळेल का, वर्गात नेमकं काय करावं लागतं, असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इमर्शन म्हणजे फ्रेंच हा एक विषय नव्हे. गणित, चित्रकला, विज्ञान हे सगळं फ्रेंचमधून. १९६५ मध्ये माँट्रियालजवळच्या सें-लांबेर इथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून असा पहिला बालवर्ग सुरू करून घेतला. क्वेबेकमध्ये राहायचं तर मुलांना कामापुरती नव्हे, खरीखुरी फ्रेंच यायला हवी, असं त्यांना वाटत होतं. तिथून ही पद्धत देशभर पसरली. ऑन्टारियोत आज इमर्शनसाठी निदान निम्मं शिक्षण फ्रेंचमधून असावं लागतं, आणि आठवी संपेपर्यंत किमान ३८०० तास भरावे लागतात. सुरुवात कुठे बालवर्गापासून, कुठे पहिलीपासून, हे त्या त्या स्कूल बोर्डावर, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेवर अवलंबून. अर्ज करताना एक फरक मात्र नीट समजून घ्या. फ्रेंच भाषकांच्या मुलांसाठी वेगळी फ्रेंच बोर्डं आणि वेगळ्या शाळा आहेत. इमर्शन हा इंग्रजी बोर्डातलाच भाग आहे, आणि इथल्या बहुतेक मुलांच्या घरी फ्रेंचचा एक शब्दही नसतो. माझ्या वर्गात घरी पंजाबी, तमिळ, मँडरिन, उर्दू, गुजराती बोलणारी मुलं असतात, अधूनमधून मराठीही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वर्गात फ्रेंच बोलणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे तुम्ही. मुलांना ती भाषा बाजारात ऐकू येत नाही, मैदानावर ऐकू येत नाही, आजीकडून येत नाही. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

माझी पहिली चूक इथंच झाली. मूल गोंधळलेलं दिसलं की मला राहवायचं नाही. फ्रेंचमध्ये सूचना द्यायची आणि लगेच हळूच इंग्रजीत सांगायचं. तीन आठवड्यांत मुलं हुशार झाली. मी फ्रेंच बोलत असताना ती शांतपणे इंग्रजीची वाट बघत बसायची. सहा वर्षांचं मूल कष्ट कशाला घेईल? तेव्हापासून मी स्वतःला नियम घातला: भाषांतर नाही. त्याऐवजी वस्तू दाखवायची, चित्र काढायचं, स्वतः करून दाखवायचं, आणि प्रत्येक नेहमीच्या क्रियापदाला हाताची एक ठरलेली खूण ठेवायची. मूल पडलं, रडतंय, घाबरलंय, तर इंग्रजीत बोला, त्याच्या घरची भाषा येत असेल तर तीत बोला. तिथं नियम बाजूला. पण गोंद कुठे ठेवलाय हे सांगायला इंग्रजी लागत नाही.

दुसरी चूक, मीच फार बोलायचे. सगळी भाषा माझ्याकडूनच यायची आहे, म्हणून मी सतत बोलत राहायचे. मुलांना सगळं समजायला लागलं, पण बोलत कुणी नव्हतं. आता कुठलीही कृती आखताना मी एकच प्रश्न विचारते: यात माझ्यापेक्षा मुलं जास्त बोलतील का? नसतील, तर कृती बदलते.

सकाळचं कॅलेंडर, वार, हवामान हे प्रत्येक वर्गात असतं, आणि खरं सांगायचं तर त्यात फार वेळ जातो. ऑक्टोबरनंतर मुलं 'ओझुर्दुई से लँदी', म्हणजे 'आज सोमवार', पोपटासारखं म्हणतात. मी ते सात मिनिटांत उरकते आणि प्रश्न विचारायचं काम 'आमी द्यु झूर'कडे, म्हणजे त्या दिवसाच्या म्होरक्या मुलाकडे देते. आज कोण गैरहजर, बाहेर किती थंडी, कुणाचा वाढदिवस, हे तो विचारतो. प्रश्न विचारण्याची रचना मुलांना एरवी मिळतच नाही. शिक्षिका विचारते आणि ती उत्तर देतात.

सगळ्यात जास्त बोलणं निघतं ते 'साक मिस्तेर'मधून, म्हणजे गूढ पिशवीतून. कापडी पिशवीत एक वस्तू, मुलानं हात घालून चाचपायचं आणि सांगायचं: मऊ आहे, टणक आहे, गोल आहे, लांब आहे. सुरुवातीला मी सफरचंद, चमचा, चेंडू ठेवायचे. मूल हात घालायचं आणि एका शब्दात सांगायचं, 'पॉम!' खेळ संपला. एकदा घरातलं लाटणं घेऊन गेले. त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे एकाही मुलाला माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वर्णनच करावं लागलं. लांब, टणक, गुळगुळीत, दोन्ही टोकांना बारीक. सप्टेंबरपासून एक अक्षर न बोललेली एक मुलगी होती. तिनं हात घातला, चेहरा उजळला, आधी 'वेलणा!' म्हणाली आणि मग तिचं पहिलं पूर्ण फ्रेंच वाक्य आलं: माझी आई हे घेऊन पोळी करते. पोळीला तिनं 'रोटी'च म्हटलं, आणि तेच योग्य होतं. त्या दिवसापासून पिशवीत मी अशीच वस्तू ठेवते जिचं नाव मुलांना येत नाही.

तसं न बोलणारं मूल बघून घाबरू नका. नव्या भाषेत काही मुलं दोन-तीन महिने नुसती ऐकतात. त्या काळात त्याला बोट दाखवून, चित्र निवडून, मान हलवून उत्तर देऊ द्या. सगळ्यांसमोर उभं करून 'म्हण बघू' असं मात्र कधीही करू नका.

जोडीनं खेळायच्या वेळी मुलं आपसात इंग्रजीच बोलतात. नुसतं 'फ्रांसे, सिल व्हू प्ले', म्हणजे 'फ्रेंच बोला, प्लीज', ओरडून काही होत नाही. खेळाचाच डाव फ्रेंचशिवाय पुढे जाणार नाही अशी रचना लागते. पत्त्यांचा 'पेश' म्हणजे मासेमारीचा खेळ त्यासाठी उत्तम. 'आ-त्यु अं शा?' तुझ्याकडे मांजर आहे का? 'नों, पीझ!' नाही, उचल पत्ता. दहा मिनिटांत प्रत्येक मूल तोच प्रश्न वीसेक वेळा विचारतं आणि कंटाळत नाही. हेच मी सरावपत्रिकेवर वीसदा लिहायला सांगितलं असतं तर?

चुकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इमर्शनच्या मुलांची एक ठराविक फ्रेंच तयार होते. 'झ स्वी सिस' म्हणजे 'मी सहा आहे', कारण इंग्रजीत तसं म्हणतात. फ्रेंचमध्ये माणसाकडे वय 'असतं', भूकही 'असते'. मी प्रत्येक वेळी प्रेमानं बरोबर वाक्य परत म्हणायचे: 'आ, त्यु आ सि-झां!' मुलं हसून मान डोलावायची आणि पुन्हा तेच म्हणायची. पुढे मॅकगिल विद्यापीठातल्या रॉय लिस्टर आणि लीला रांता यांचं १९९७ मधलं संशोधन वाचलं, तेही इमर्शनच्याच वर्गांमध्ये केलेलं. शिक्षक सर्वात जास्त वेळा बरोबर वाक्य परत म्हणतात, आणि मुलांकडून त्याला सर्वात कमी प्रतिसाद मिळतो. मुलाला वाटतं, बाई माझ्या म्हणण्याला हो म्हणताहेत. आता मी थांबते. मूठ वळून छातीशी नेते, ही आमची 'असणे'ची खूण. मूल क्षणभर विचार करतं आणि स्वतःच दुरुस्त करतं. पण सगळ्या चुकांना हे नको. आठवड्याला एक चूक निवडायची, बाकीच्या जाऊ द्यायच्या, नाहीतर मूल बोलायचंच थांबतं.

वाचनात मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. म, मा, मि, मु अशी बाराखडी आपल्या अंगात मुरलेली असते, आणि फ्रेंच वाचन नेमकं तसंच, अशा अक्षरांनी सुरू होतं: मा, मी, मो, म्यु. व्यंजन आणि स्वर जोडून टाळ्या वाजवत म्हणायचं. अडचण पुढे येते. 'ओ' हा एकच उच्चार तीन-चार प्रकारे लिहिला जातो. 'आं' आणि 'ओं' मुलांना वेगळे ऐकूच येत नाहीत. त्यासाठी छोटे आरसे द्या आणि ओठांचा आकार बघू द्या. शब्दाच्या शेवटची न उच्चारायची अक्षरं आम्ही करड्या पेन्सिलीनं रंगवतो. ती झोपलेली अक्षरं. आणि जिथं अर्धा दिवस इंग्रजी असते तिथं मूल फ्रेंच 'शा', म्हणजे मांजर, इंग्रजीसारखं 'चॅट' वाचतं. मी दोन्ही भाषांचे शब्द दोन रंगांच्या कागदावर लावते.

गणितात सत्तरच्या पुढे गाडी अडते, कारण फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-वीस. शाळेचा शंभरावा दिवस फेब्रुवारीच्या सुमाराला येतो, तेव्हा मुलं घरून शंभर वस्तू आणतात. बहुतेक वर्ग दहा-दहाचे ढीग करतात. मी वीस-वीसचे करायला लावते. चार ढीग झाले की 'कात्र-व्हँ' आपोआप कळतं. माझी आजी आंबे मोजताना 'चार विसा' म्हणायची, ते मला इतक्या वर्षांनी इथं उपयोगी पडलं.

पुण्यातल्या फ्रेंचचं इथं थोडं रुळवणं करावं लागतं. तिथं आपण दुपारच्या जेवणाला 'देझने' शिकलो. कॅनडात 'देझने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' दुपारचं आणि 'सुपे' रात्रीचं जेवण. पहिल्याच आठवड्यात डबे काढायच्या वेळी माझा गोंधळ झाला होता. त्युक, मितेन, पीझ हे शब्दही इथलेच. इथल्या लहान मुलांसाठीच्या फ्रेंच कार्यक्रमांतून ते कानावर घाला.

आता नोकरीचं. पूर्ण शिक्षक व्हायचं तर ऑन्टारियो कॉलेज ऑफ टीचर्सचं (हे कॉलेज नव्हे, शिक्षकांना परवाना देणारी संस्था) प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी आपल्या बी.एड.ची कागदपत्रं विद्यापीठातून मागवावी लागतात. हे काम भारतातून निघण्याआधीच सुरू करा. फ्रेंच शिकवण्यासाठीची जादा पात्रता वेगळी, आणि बोर्ड मुलाखतीत तोंडी-लेखी फ्रेंच तपासून घेतं. फ्रेंच शिक्षकांची टंचाई खरी आहे, पण कागदपत्रं त्यामुळे लवकर होत नाहीत. तोपर्यंत पोलिसांकडून व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, करून घ्या आणि जवळच्या शाळेत आठवड्यातून एक सकाळ स्वयंसेवक म्हणून जा. मुलांना दोघा-दोघांना घेऊन वाचून घेणं, पत्ते खेळणं, एवढंच काम असतं. मी तिथं जे शिकले ते कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं.

पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि मराठी आईबाबा तो हमखास विचारतात: आम्हाला फ्रेंच येत नाही, मग घरी काय करायचं? गूगलवरून चुकीचे उच्चार शिकवू नका, असं मी सांगते. रोज रात्री मराठीत गोष्ट वाचा, आज शाळेत काय केलं ते मराठीत विचारा, मुलाला मराठीत लांबलचक सांगू द्या. गोष्टीचा क्रम लावणं, कारण सांगणं, पुढे काय होईल याचा अंदाज करणं हे एका भाषेत आलं की मूल ते दुसरीत घेऊन येतं. फ्रेंच शब्द मी देईन. गोष्ट सांगायची सवय घरून आली पाहिजे.