नागपुरात सुतारकामासाठी चांगले कठीण लाकूड कसे मिळवावे

नागपूरच्या भोवतालचे जंगल सागाचे आहे. चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतला माल ‘सीपी टीक’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग) या जुन्या नावाने देशभर विकला जातो, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये साग बल्लारशाहहून गेला. असे असूनही शहरात हौसेने किंवा व्यवसाय म्हणून फर्निचर करणाऱ्यांची पुष्कळदा ओल्या मालावर आणि चुकीच्या मापावर फसगत होते. म्हणून दुकानाचा पत्ता शोधण्याइतकेच विक्रेता पारखणेही महत्त्वाचे आहे.

सुरुवात लकडगंजपासून करावी. लाकडाचे व्यापारी आणि आरा मशीन तिथे जवळजवळ असल्याने भाव पडताळणे सोपे जाते. जाण्यापूर्वी लागणाऱ्या प्रत्येक फळीची जाडी, रुंदी, लांबी कागदावर लिहावी, रंध्यासाठी जाडीत पाव इंच जास्त धरावे आणि गाठी, तडे यांपोटी एकूण मापात १५ ते २० टक्के वाढ करावी. दर विचारताना नुसते ‘सागवान काय भाव’ असे विचारू नये. सागाचा दर लांबी आणि रुंदीप्रमाणे चढतो, शिवाय बाजारात देशी सागासोबत घाना, इक्वाडोर येथून आलेला सागही असतो, त्यामुळे माल कुठला आणि दर कोणत्या साइजचा हे स्पष्ट विचारून तो बिलावर लिहून घ्यावा. साग परवडत नसेल तर बीजा, हलदू, शिवण किंवा ऐन यांची चौकशी करावी. पेट्या, ट्रे अशा हलक्या कामाला शिवण फार उत्तम आहे आणि ते अधिक वापरले जावे असे मला मनापासून वाटते.

मापाचा हिशेब स्वतः करता आलाच पाहिजे. चिरलेल्या मालासाठी जाडी आणि रुंदी इंचात, लांबी फुटात घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे, म्हणजे घनफूट मिळतात. दीड इंच जाड, सहा इंच रुंद आणि सात फूट लांब फळी ०.४४ घनफूटही भरत नाही. तिची खरी जाडी सव्वा इंच निघाली तर माप ०.३७ च्या आत येते, आणि पैसे मात्र दीड इंचाचे जातात. गोल लाकडाला वेगळी रीत आहे. गोलाईचा, म्हणजे घेराचा, चौथा भाग इंचात काढून त्याचा वर्ग करावा, लांबीच्या फुटांनी गुणावे आणि १४४ ने भागावे. ४८ इंच गोलाईचा, आठ फूट लांबीचा ओंडका या रीतीने आठ घनफूट भरतो, जरी त्याचे खरे घनफळ दहाच्या थोडे वर असते. ही सूट चिराईत जाणाऱ्या मालाची आहे, विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे. टेप लावू देण्यास जो व्यापारी कुरकुर करतो, त्याच्याकडून माल घेऊ नये.

ओलाव्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे, कारण नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कच्चे लाकूड त्यात हमखास पीळ खाते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र सोबत ठेवावे, फळीच्या टोकावर नव्हे तर मधोमध टेकवावे आणि १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला तरच घरातील फर्निचरसाठी ती निवडावी. फळी डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने पाहिल्यास बाक लगेच कळतो. पांढरा भाग, म्हणजे सालीलगतचे फिके लाकूड, किती आहे हेही पाहावे, कारण घुण प्रथम तिथेच लागतो.

जास्त माल हवा असेल तर महाराष्ट्र वन विकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. महामंडळाच्या आणि वनविभागाच्या आगारांतील माल लिलावाने, लॉटमध्ये विकला जातो. एका टेबलासाठी हा मार्ग गैरसोयीचा ठरतो. परंतु दोन-तीन वाढई (सुतार) मिळून लॉट घेऊन आरा मशीनवर चिरून घेत असतील, तर त्यांच्यासोबत सामील होण्यात फायदा आहे. ओंडक्यांवर हातोड्याने ठोकलेली निशाणी आणि वाहतूक परवाना तपासून घ्यावा. ‘शेतातले सागवान आहे, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाले तर आधी तोडीची परवानगी मागावी, कारण १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली खासगी जमिनीवरचा सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही.

नागपुरातील ‘महाल’सारख्या जुन्या वस्तीतील घरे पाडली जातात तेव्हा तुळया, चौकटी विक्रीस येतात. हा माल वर्षानुवर्षे वाळलेला असतो, पण रंध्याला लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून त्यातला प्रत्येक खिळा काढणे अत्यावश्यक आहे.

खरेदी शक्यतो पावसाळ्याआधी उरकावी. घरी आणलेल्या फळ्या भिंतीला टेकवून उभ्या न करता जमिनीपासून उचलून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन आडव्या रचाव्यात, टोकांना रंग लावावा आणि काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत राहू द्याव्यात.