एसजीपीटीचा आकडा आणि मागचा कर्व्ह

बायोकेमिस्ट्री लॅबला नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम, एएलटी) वाढला म्हणजे लिव्हरचं काम किती बिघडलं ते कळत नाही, पेशी फुटून आतलं एन्झाइम रक्तात सांडतंय एवढंच कळतं. आणि आपण ते एन्झाइम मोजत नाही, त्याचा वेग मोजतो, 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच (टेस्टच्या रिअॅक्शनमध्ये खर्च होणारं रसायन) किती भराभर कमी होतंय ते.

हे मला नीट कळलं ते एका सॅम्पलमुळे. सीरम पिवळंजर्द, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) 12 आणि एसजीपीटी फक्त 18! मी रिपोर्ट सोडणारच होते, सीनियर मॅडमनी थांबवलं आणि रिअॅक्शन कर्व्ह (वेळेनुसार रीडिंग कसं बदललं त्याचा आलेख) उघडायला लावला, तर रेषा सुरुवातीलाच खाली येऊन पुढे सपाट. एन्झाइम इतकं होतं की रीडिंग सुरू व्हायच्या आत एनएडीएच संपलं, मशीनला उतार दिसणार कुठून? फ्लॅगही (मशीनची सावधगिरीची खूण) आला होता, मी पाहिला नव्हता. दहापट डायल्यूट करून लावलं, गुणून 2900 आला. तेव्हापासून फ्लॅग बघितल्याशिवाय मी काही सोडत नाही.

मग पॅटर्न बघायची सवय लावा. व्हायरल हिपॅटायटिसमध्ये बहुतेक वेळा एसजीपीटी पुढे असतो. डेंग्यूत उलट, एसजीओटी (जोडीचं दुसरं एन्झाइम, एएसटी) जास्त, कारण तो स्नायूंतूनही येतो. दारूमुळे झालेल्या हिपॅटायटिसमध्ये एसजीओटी साधारण दुप्पट, पण आकडे सहसा 300 च्या आतच. शॉकमध्ये लिव्हरला रक्त कमी पडलं की दोन्ही हजारांत जातात, एलडीएचही (पेशींतलं आणखी एक एन्झाइम) उसळतो, आणि रक्तपुरवठा सुधारला की काही दिवसांत झपाट्याने उतरतात. यात एसजीओटी आधी उतरतो, त्याचा हाफ लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 17 तास, एसजीपीटीचा 47 च्या आसपास. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पित्त अडलं की वाढतं, पण ते नव्याने तयार व्हावं लागतं म्हणून जरा उशिरा. सॅम्पल हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेलं) असेल तर एसजीओटी आणि एलडीएचवर विश्वास ठेवू नका, दुसरं मागवा.

सगळ्यात जपायचं ते उतरणाऱ्या आकड्याला. एसजीपीटी 3000 वरून 400 वर आला आणि बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतोय त्याचा आकडा) चढतायत, तर पेशंट सुधारतोय असं अजिबात धरू नका, सांडायला पेशीच उरलेल्या नसतील. अशा वेळी रिपोर्ट नुसता सिस्टिममध्ये टाकून बसू नका, वॉर्डला फोन करा, जुने आकडे वाचून दाखवा आणि कोणाशी बोललात ते वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहा.